कणीक आणि पोळी

टायपिंगच्या दुकानात माझ्यापुढे एक निवृत्त गुरुजी उभे होते. घरी टाइप केलेलं त्यांचं आत्मचरित्र इथल्या संगणकावर उघडलं, तर पानभर नुसती अगम्य चिन्हं! गुरुजींचा चेहराच उतरला.

दुकानातल्या ताई हसल्या. "घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. तुमचा फॉन्ट इथे नव्हता, एवढंच." त्यांनी फॉन्ट टाकला आणि अक्षरं परत आली.

मग म्हणाल्या, "वर्ड म्हणजे मळलेली कणीक, हवा तो आकार द्या. पीडीएफ म्हणजे भाजलेली पोळी, कुठेही न्या, तशीच राहते. पीडीएफ करून देऊ?"

वर्षानुवर्षं मी दोन्ही वापरतोय, पण इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात मी ताईंना हात जोडले.

गुरुजी मात्र म्हणाले, "नको, कणीकच राहू दे. अजून जगतोय मी."