वाळूचे टायर

सौदीतल्या जुबैलमध्ये हिवाळा लागला की लोक माळ्यावरून तंबू काढतात आणि गाडीला वाळूचे टायर बसवतात. उन्हाळाभर एसीत कोंडलेली माणसं शुक्रवार आला की वाळवंटात पळतात, कोंबडी भाजतात आणि गाड्या टेकड्यांवर चढवत बसतात. आमचे टायर घासून पार गोटा झाले होते. म्हणून त्या नोव्हेंबरात आम्हीही दम्मामच्या एका टायरच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन प्रकार समोर ठेवले. वाळूचे टायर रुंद, गुळगुळीत, नक्षी नावापुरती. रस्त्याच्या टायरांना खोल खाचा, पावसाचं पाणी त्यातून बाहेर फेकलं जातं. मी खाचांच्या टायरांकडे बोट दाखवलं, कारण मागच्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेजवळच्या पुलाखाली गाड्या पाण्यात अडकलेल्या मी पाहिल्या होत्या. नवरा हसला. तो चिपळूणचा. पावसाच्या बाबतीत चिपळूणकराला कोणी काही शिकवू नये, असं त्याचं ठाम मत आहे.

"याला पाऊस म्हणतात? आमच्याकडे याला शिंतोडे म्हणतात," तो म्हणाला.

मी गुहागरची, त्यामुळे मलाही ते पटल्यासारखं झालं. इथल्या दोन तासांच्या सरींना घाबरायचं म्हणजे माहेरची लाज काढणंच. दुकानदाराला काय, गिऱ्हाईक सांगेल ते तो बसवणार. वाळूचे टायर लागले.

मी जात्याच घाबरट. घरात मला भित्री भागूबाईच म्हणतात. लिफ्ट बंद पडेल, गॅस चालू राहिला असेल, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, घरी विसरला असेल, काहीही मला पुरतं. नवरा एकदम उलटा. तो कामावर उंच उंच टाक्यांवर चढतो आणि घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणतो. मला धडकी भरली की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते. ते शांत दिसलं की माझ्या जिवात जीव येतो. लग्नापासून आमचं असंच चाललं होतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही दोन तासांवरच्या अल खफजीला त्याच्या मित्राकडे जेवायला गेलो. जेवणं उरकत आली आणि सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले. जोरदार पावसाचा सरकारी इशारा होता. मित्राची बायको म्हणाली, आजच्या दिवस राहा इथेच. मला राहायचंच होतं, आणि मी तसं म्हणालेही. पण नवऱ्याने मुलीला बूट घालायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शिफ्ट होती. शिवाय शिंतोड्यांना घाबरून मुक्काम केला, हे तो गावी कुठल्या तोंडाने सांगणार होता?

खफजी मागे पडलं आणि आभाळ काळं झालं. मग पाऊस आला. तो चिपळूणइतकाच होता, फक्त रस्ता चिपळूणचा नव्हता. कोकणात पहिल्या काही दिवसांत रस्ते धुऊन निघतात, पाणी गटारातून वाहून जातं. इथे महिनोन्महिने साचलेली धूळ आणि तेल पाण्याबरोबर वर आलं होतं, आणि पाण्याला जायला जागाच नव्हती. मी पुढच्या सीटवर बसून विनाकारण पाय दाबत होते, जणू ब्रेक माझ्याकडे होता. हळू चालव, असं मी दोनदा म्हणाले. तो म्हणाला, अगं, हळूच चाललोय.

मग गाडीचा आवाज गेला. टायरांचा रस्त्यावर जो घरघराट असतो तो एकाएकी थांबला. नवऱ्याने स्टीअरिंग वळवलं, पण गाडी वळली नाही. मला काचेतून रस्ता दिसला, मग वाळू, मग पुन्हा रस्ता. मी हात मागे टाकला आणि हाताला लागला तो मुलीचा गुडघा घट्ट धरला.

गाडी रस्त्याबाहेर वाळूत जाऊन थांबली. क्षणापूर्वी आम्ही रस्त्यावर जिथे होतो तिथूनच एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला. त्याचं पाणी आमच्या काचेवर येऊन आदळलं. मागून मुलगी म्हणाली, "पापा, व्हाय आर वी फेसिंग खफजी?"

तिला खरचटलंसुद्धा नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. मग सवयीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते पांढरं पडलं होतं. त्याचे हात स्टीअरिंगवरच होते. मी ते सोडवायला गेले, तर ते सुटेनात.

पाऊस ओसरेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. अंधार पडायच्या आत निघायला हवं होतं, कारण पुढे कुठे किती पाणी साचलंय ते दिवसाउजेडीच दिसलं असतं. तो चावीला हात लावीना.

"मला नाही जमायचं. तू घे," तो म्हणाला.

माझ्याकडे लायसन्स होतं, पण मी शाळा आणि बाजार सोडून कधी कुठे गाडी नेली नव्हती. आम्ही जागा बदलल्या. वाळूतून गाडी अलगद वळून वर आली, त्यासाठीच तर ते टायर घेतले होते. पुढे काळा, ओला रस्ता. मी इतकी हळू निघाले की मागचे सगळे हॉर्न देत पुढे जात होते.

त्या वाटेवर मी किती घाबरले होते, हे मला नीट सांगता येत नाही. मरणाची भीती होतीच. पण राहून राहून मान शेजारच्या सीटकडे वळत होती, आणि तिथे डोळे मिटून, दाराचं हँडल धरून बसलेला माणूसही माझ्याइतकाच घाबरलेला होता. आता गाडीत न घाबरणारं कोणीच उरलं नव्हतं.

मागून मुलीने विचारलं, तुला भीती वाटतेय का. आरशात ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही गं," आणि तोंड शांत ठेवलं.