खिशातला कांदा

कच्च्या कांद्याचा वास आला की घाटंजीचा तो मे महिना आठवतो. बहिणीचा नवरा पुण्याहून पहिल्यांदाच आलता, आणि मी त्याच्यापुढे पुण्याच्या हवेची टर उडवून राह्यलो होतो. "जावईबापू, तुमचं ऊन म्हणजे निवलेला चहा! इथं कावळे भाजून पडतात. पण खिशात कांदा ठेवा, ऊन सलाम ठोकून जाते!" डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी प्या, हे सांगितलं असतं तर गप्पेची मजा गेली असती, म्हणून तेवढं गाळलं. दुपारी तो उघड्या डोक्यानं वावरात गेला आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच कोसळला. तोच कांदा त्याच्या तळपायाला चोळत बहीण रडली, "दादा, तुह्या गप्पांपायी माहा माणूस चालला न रे!" तो वाचला. आता दर उन्हाळ्यात ती फोनवर विचारते, "खरं सांग, ऊन किती हाय?" मी काहीच न वाढवता सांगतो, आणि ती येत नाही.