गनीभाईंची परवानगी

भिंगारच्या बाहेर मुरमाचं एक लांबट मैदान होतं. लढाईच्या काळात गोऱ्यांची लहान विमानं तिथं उतरत. गोरे गेले, त्यांचे तंबूही गेले. मागे राहिली वारा दाखवणारी काठीवरची कापडी पिशवी, आणि गनीभाई.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या सुमारास कोपरगावचे ऊसबागाईतदार आप्पासाहेब यांनी लढाईतलं एक जुनं दोन माणसांचं विमान विकत घेतलं. ते स्वतःच चालवायचे. त्यांनी गनीभाईंना मैदानाचे चौकीदार म्हणून ठेवून घेतलं आणि मला मिस्त्री म्हणून. त्या इंजिनाला आपणहून सुरू व्हायची अक्कल नव्हती. पुढचा लाकडी पंखा हातानं फिरवून द्यावा लागे, आणि तो हात माझा.

पण माझ्या हाताच्या आधी गनीभाईंची परवानगी. जाता जाता कुणा गोऱ्या साहेबानं त्यांना बजावलं होतं की, तू हो म्हटल्याशिवाय इथं एकही इंजिन सुरू होता कामा नये. साहेब बहुधा गुरांच्या धास्तीनं बोलला असेल, कारण घोडेगावच्या बाजाराला निघालेली जनावरं मैदानातूनच जात. गनीभाईंनी मात्र ते बोलणं जन्माची सनद मिळाल्यासारखं जपलं.

आप्पासाहेब पट्टा आवळून बसत, मी पंख्याशी उभा राही. मग आप्पासाहेबांनी विचारायचं, ‘‘गनीभाई, इंजिन सुरू करू का?’’  हात पाठीमागे बांधून गनीभाई मैदानाच्या पार टोकापर्यंत जात, वाटेतला एखादा दगड पायानं बाजूला सारत, एखाद्या शेळीला तिच्या मालकासकट हाकलत, परत येऊन कापडी पिशवीकडे बघत उभे राहत. एवढं झालं की हिरवा झेंडा वर करून म्हणत, ‘‘इजाजत हाय.’’ तोवर उन्हात माझं टाळकं तापलेलं असे. एकदा आप्पासाहेबांनी घाईत नुसतीच मानेनं खूण केली, तर गनीभाई सरळ बाजेवर जाऊन बसले. नाव घेऊन विचारायचं, खुणा बैलाला करतात, असं त्यांचं म्हणणं. ज्या आप्पासाहेबांपुढे अख्खा तालुका दबून असे, त्यांनी निमूट नाव घेऊन विचारलं. मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

गनीभाईंची लेक फरीदा कोपरगावला दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं आणि मुलगी झाली. गनीभाईंच्या बायकोनं, मुमताजभाभींनी, डिंकाचे लाडू वळले, टोपडी शिवली, गाठोडं बांधलं आणि कधी निघायचं म्हणून वाट बघत बसल्या. कोपरगावला रेल्वे होती. पण गनीभाई मैदान सोडायला तयार नव्हते आणि बायकोला एकटीला गाडीत बसवायलाही नव्हते. गाठोडं आपलं खुंटीलाच.

हे आप्पासाहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, गुरुवारी मी घरी चाललोय, पुढची जागा रिकामी आहे, चला. गनीभाईंनी उभ्या उभ्या होकार दिला आणि घरी जाऊन नुसतं कळवलं.

आता प्रश्न आला की, गनीभाई विमानात बसले तर परवानगी द्यायची कुणी? मी म्हटलं, मी देतो. त्यावर त्यांनी मला वेड्यातच काढलं. पंखा फिरवणारानंच परवानगी दिली तर मग मागायची कुणी, म्हणे. शेवटी त्यांनी भाभींनाच तयार केलं. चुलीपुढे उभं करून, हातात उलथनं देऊन, झेंडा कसा धरायचा, कधी वर करायचा, सगळं शिकवलं. भाभींनी सगळं ऐकून घेतलं.

गुरुवारी गनीभाई इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या जागेत बसले. भाभी झेंडा घेऊन उभ्या होत्या, गाठोडं त्यांच्या काखेतच होतं. आप्पासाहेब मिशीत हसून म्हणाले, आज तुम्हीच विचारा.

‘‘अगं, करायचं का सुरू?’’ गनीभाई म्हणाले.

भाभी काठीवरच्या कापडी पिशवीकडे बघत राहिल्या. गनीभाईंनी चुळबूळ केली. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं, पण नियम त्यांचाच.

‘‘मुमताज, इंजिन सुरू करू का?’’

भाभी निघाल्या. मैदानाच्या टोकापर्यंत गेल्या, एक दगडही बाजूला सारला, परत आल्या. आणि झेंडा वर न करताच म्हणाल्या, ‘‘न्हाई.’’

माझा हात पंख्यावरच राहिला. आप्पासाहेबांचं हसू मावळलं. गनीभाईंनी विचारलं, काय झालं, वारा वंगाळ हाय का?

‘‘वाऱ्याला काय झालंय?’’ भाभी म्हणाल्या.  ‘‘तुमाला इमान बघायचंय. मला नात बघायचीय.’’

 गनीभाई वाद घालतील असं मला वाटलं होतं, निदान रागावतील तरी. पण मैदानावर नाही म्हटलं की नाही, हे त्यांनी इतक्या जणांना सुनावलेलं होतं की स्वतःला वेगळं काय सांगणार? त्यांनी पट्टा सोडला आणि खाली उतरले. भाभींच्या हातातून झेंडा घेतला, त्यांना आधार देऊन वर चढवलं, पट्टा स्वतः आवळला, गाठोडं मांडीवर नीट ठेवलं. भाभींनी डोळे गच्च मिटून घेतले.

आप्पासाहेबांनी विचारायला तोंड उघडलं. पण गनीभाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. कुणी विचारायच्या आत, टोकापर्यंत न जाता, त्यांनी झेंडा वर केला. मी पंखा फिरवला.

विमान धावायला लागलं तसे गनीभाई त्याच्या बाजूनं धावत सुटले आणि ओरडले, ‘‘फरीदाला सांग, म्याच धाडलं तुला.’’ त्या आवाजात भाभींना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं.