काकूंच्या चपला

आमच्या निर्वासितांच्या छावणीत शिंपीणकाकू कुणाला भीक घालत नाहीत. बाही आखूड झाली म्हटलं, तर तुझाच हात लांब म्हणतील. आरोग्यवर्गात मात्र त्या दाराशी बसतात, चपला घालूनच. घर सोडलं तेव्हा त्या अनवाणी पळाल्या होत्या. टाचेत काचेचा तुकडा अजून आहे.

काल शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "चपला काढा, डोळे मिटा. तळव्यांना जमीन जाणवू द्या." आम्ही बायकांनी मुकाट्याने ऐकलं. डोळे मिटता मिटता पाहिलं, काकूंनी पाय पोटाशी घेतले.

ताई हळूच म्हणाल्या, "काकू, घाबरू नका. इथे कुणी येणार नाही."

"तिथेही कुणी येणार नव्हतं."

मी डोळे उघडले, तर सगळ्याजणी घाईघाईने पायात चपला सरकवत होत्या. ताईसुद्धा.