डॉक्टरबाईंच्या बसचं डोकं

केजमध्ये माझा कम्प्युटर क्लास होता तेव्हा चपला बाहेर काढल्याशिवाय मी कुणाला आत पाऊल टाकू देत नसे. कापडाच्या दुकानाची माडी, तीन कम्प्युटर, तिन्हींवर फुलाफुलांची कव्हरं आणि खिडकीला जाड पडदा. लोक मला मॅडम म्हणायचे. पंचविशीची होते मी, मॅडम म्हटलं की मान आपोआप ताठ व्हायची. आता त्या मानेचं हसू येतं. लाजही वाटते, आणि ती कशाची ते सांगायलाच बसलेय.

माझे वडील, अण्णा, डिझेल मिस्त्री. अंबाजोगाई रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. इंजिन चालू ठेवून ते लांब पेचकसाचं टोक त्याला टेकवायचे आणि मूठ स्वतःच्या कानाला लावायचे. डोळे मिटून ऐकायचे, आणि म्हणायचे, "दोन नंबरचा नॉझल रडतोय." खोलून बघितलं की तो खरंच बिघडलेला निघायचा. पण ते दिवस वेगळे होते. रोज नवी गाडी रस्त्यावर यायची, तिच्या पोटात कम्प्युटर असायचा, आणि औरंगाबादला काचा लावलेली वर्कशॉपं उघडली होती. एसटी स्टँडजवळच्या कट्ट्यावर मिस्त्री लोक चहा पीत म्हणायचे, आपला जमाना गेला. अण्णांना ते लई लागायचं.

अशात डॉक्टरबाई बस घेऊन आल्या. अंबाजोगाईला सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या. एका शाळेची जुनी पिवळी बस घेऊन त्यांनी तिचा फिरता दवाखाना केला होता. बाकडी काढून टेबल, औषधांचं कपाट, पडदा. शाळेचं नाव खरवडलं होतं तरी उन्हात वाचता यायचं. वडवणीकडच्या वस्त्या-तांड्यांवर जाऊन त्या लोकांना तपासायच्या. बसचं मूळ इंजिन बसलं, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी मुंबईच्या भंगारबाजारातून जपानी इंजिन आणलं. त्याच्यासोबत एक पत्र्याची डबी होती आणि डबीतून निघालेला वायरींचा हा मोठा झुबका.

"मिस्त्री, जमेल का?" बाईंनी स्टँडजवळच्या कट्ट्यावरच येऊन विचारलं.

"कावून न्हाई जमायचं?" अण्णा म्हणाले. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. म्हणजे आता माघार नव्हती.

इंजिन बसवलं आणि वायरिंग अर्धं झालं तोवर खंडेनवमी आली. त्या दिवशी गॅरेजात पान्याला हात लावायचा नाही. सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पोत्यावर ओळीनं मांडायची आणि हळदीकुंकू वाहायचं. दर वर्षी ही पूजा अण्णा स्वतः करायचे. त्या वर्षी त्यांनी ताट माझ्या हातात दिलं.

"बाई, ह्या इंजिनाला डोकं हाय म्हणतेत. अन् आपल्या घरात डोक्याचं काम तुझ्याकडं. औंदा ह्याला कुंकू तू लाव."

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! मी कुंकू पाण्यात कालवलं, ओलं असलं की छान बसतं म्हणून. डबीला लावलं, इंजिनाला लावलं. डबीच्या झुबक्याच्या टोकाला एक मोठा प्लग उघडा होता, त्यात पितळी पिनांच्या दोन ओळी चमकत होत्या. जमलेल्यांना मी समजावून सांगितलं की इथूनच डोकं इंजिनाशी बोलतं. आणि बोट बुडवून त्या पिनांवरून फिरवलं, आधी एक ओळ, मग दुसरी. तेव्हा अण्णा नारळाची शेंडी सोलत होते.

दसरा झाल्यावर अण्णांनी प्लग जोडला. चष्मा ते फक्त पेपर वाचताना लावायचे. बस एका सेलमध्ये सुरू झाली, पेढे वाटले गेले. दिवाळीपर्यंत झकास चालली. मग थंडी पडली, दहिवर पडायला लागलं, आणि बस वाटेत कुठेही बंद पडायला लागली. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. दोनदा ट्रॅक्टरच्या मागं टोचन करून आणली. अण्णांनी पेचकस लावून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं.

"आवाज तर निरोगी हाय," ते म्हणाले. एवढं हताश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा डॉक्टरबाई स्वतः आल्या. "मिस्त्री, माणसं सकाळपासून लिंबाखाली बसून राहतात हो. म्हाताऱ्या बाया, बीपीच्या गोळ्या संपलेल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी बस वडवणीला पोचली पाहिजे. नाही जमलं तर सांगा, मी बस औरंगाबादच्या वर्कशॉपला देते."

अण्णांनी नुसती मान हलवली. बस गेली असती तर तिच्यासोबत त्यांची पत पण गेली असती, हे मला कळत होतं. आमच्याकडे आठ दिवस होते, आणि इंजिनाच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला काहीतरी साधन हवं होतं.

पहिल्यांदा औरंगाबादहून एक टायवाला आला, मोटारसायकलवरून. त्याच्याकडे हातात धरायचा स्कॅनर होता. त्यानं दहा गाड्यांची नावं दाखवली, त्यात आमचं इंजिन नव्हतं. "अपडेट येईल, मॅडम," तो म्हणाला. "कवा?" अण्णांनी विचारलं. "कंपनी कळवेल." अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग मला एका मासिकात पुण्याच्या दुकानाची जाहिरात दिसली. सीडीवर सॉफ्टवेअर, सोबत केबल, जपानी इंजिनंही वाचतं म्हणे. फक्त केबल बसचा तपासणीचा प्लग बघून द्यावी लागणार होती. आता तो बारका प्लग पुण्याला कसा दाखवायचा? अण्णांनी त्याच्या तोंडाला ग्रीसचं बोट फिरवलं आणि कोऱ्या कागदावर शिक्क्यासारखा दाबला. भोकांचा स्वच्छ ठसा उमटला. तो आम्ही एसटीडी बूथवरून फॅक्स केला, आणि तासाभरात दुकानदाराचा फोन आला, की हा ठसा ओळखीचा आहे. पार्सल एसटीनं आलं.

पण अण्णांना सॉफ्टवेअर नकोच होतं. त्यांना हवा होता एक साधा मीटर आणि वीतभर तार. इंजिन विकणाऱ्यानं एक झेरॉक्स दिली होती, तिच्यात त्याच प्लगची दोन भोकं तारेनं जोडलेली दाखवली होती. जोडली की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो, किती वेळा लुकलुकला ते मोजायचं, तो बिघाडाचा नंबर.

"अण्णा, तार घालू नका, जळेल सगळं! आणि तो कागद जपानी आहे!"

"आकडे तर जपानी न्हाईत ना?"

"तुम्हाला सांगून उपयोग नाही," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "जग कुठं चाललंय, आणि तुम्ही तारा जोडत बसा."

कसली तोंडाळ होते मी! अण्णांनी तार जोडली, दिवा मोजला आणि गॅरेजच्या दारावर खडूनं आकडे लिहिले. दुसऱ्या दिवशी मोजले तर निराळे, तिसऱ्या दिवशी आणखी निराळे. असे तीन नंबर झाले.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी क्लास बंद ठेवून एक कम्प्युटर गॅरेजात नेला. गोधडीत गुंडाळून, हातगाड्यावर, आणि दोन्ही बाजूंनी माझे विद्यार्थी तो धरून चालत होते, पालखी निघावी तसे. डॉक्टरबाई येऊन बसल्या होत्या, कट्ट्यावरचे मिस्त्रीही आले होते. लाईट असेपर्यंत उरकायचं होतं. मी स्टुलावर मॉनिटर ठेवला, केबल जोडली, आणि अण्णांना हाक मारली. तर अण्णांनी चपला काढल्या. स्वतःच्या गॅरेजात, ऑईलनं काळ्या झालेल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी ते माझ्या कम्प्युटरजवळ येऊन उभे राहिले. कुणी हसलं नाही. मलाही तेव्हा त्यात काही वाटलं नाही, हेच आज सहन होत नाही.

सॉफ्टवेअरनं दारावरचेच तीन नंबर दाखवले.

"तीन सेन्सर गेलेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "तिन्ही मुंबईहून मागवावे लागतील."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. अण्णा मॉनिटरच्या पडद्याकडे बघत होते. इंजिन चालू होतं आणि तिन्ही सेन्सरचे आकडे तिथं हलत होते. अचानक तिन्ही एकदम शून्यावर गेले, इंजिननं आचका दिला, आणि तिन्ही एकदम परत आले.

"थांब," अण्णा म्हणाले. "तिघं एकदम कसे मेले? अन् एकदम कसे उठले? मला सांग बाई, तीन घरचे नळ एकाच येळी गेले तर मानूस नळ बदलतो का टाकी बघतो?"

"टाकी बघतो," मी म्हणाले. मला अजून काही उमगलं नव्हतं.

"तिघांच्या वायरी कुठं एक होतेत?"

त्यांनी इंजिन बंद केलं, डबीपर्यंत हात घातला आणि तो मोठा प्लग ओढून काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काम करताना चष्मा लावताना बघितलं. त्यांनी प्लग उजेडात धरला. पिनांच्या दोन्ही ओळी कुंकवानं लाल होत्या, दहिवराची ओल धरून त्यावर हिरवट बुरशीसारखं चढलं होतं. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच.

"माझ्या हातचं हाय, बाईसाहेब," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "नवमीला कुंकू मी लावलतं. पिनांला लागलं."

"अहो मिस्त्री!" बाई ताडकन उठल्या. "इतकी वर्षं इंजिनं उघडताय, आणि पिनांना कुंकू? दोन महिने मी लोकांना ताटकळत बसवलं!"

"आता हळद पण लावा, लगीनच उरकून टाकू!" कट्ट्यावरचा एक जण म्हणाला आणि सगळे खो खो हसले. अण्णाही हसले. माझे विद्यार्थी बाजूला उभे होते, मला मॅडम म्हणणारे. मी केबल गुंडाळत राहिले. तोंड उघडलंच नाही. पूजेला हजर असलेल्यांपैकी कुणाला आठवलं असेल तर तेही बोलले नाहीत.

अण्णांनी पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशनं एकेक पिन घासली आणि प्लग जोडला. दुसऱ्या दिवशी बस वडवणीच्या बाजारात वेळेवर पोचली. त्यानंतर कधी वाटेत थांबली नाही, आणि डॉक्टरबाईंनी ती अण्णांकडेच ठेवली. पण स्टँडवर अण्णांचं नाव पडलं, कुंकूवाले मिस्त्री. वर्षभर ते नाव चाललं. चहाची ऑर्डर देतानाही पोरं ओरडायची, एक कट कुंकूवाल्यांला! आणि मॅडमनं कम्प्युटरवर फॉल्ट पकडला अशी गावभर बातमी झाली. उन्हाळ्यात माझ्या क्लासला एवढी गर्दी लोटली की चौथा कम्प्युटर घ्यावा लागला.

घरात अण्णांनी तो विषय काढला नाही. मी दोन-तीनदा जेवताना म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी..." की ते म्हणायचे, "भाकर वाढ." म्हणून मी भाकरी वाढायचे. खरं सांगते, मला सुटल्यासारखंही वाटायचं. लाज वाटायची, आणि सुटल्यासारखंही वाटायचं.

पुढच्या नवमीला डॉक्टरबाई बस घेऊन मुद्दाम पूजेला आल्या. कट्ट्यावरची मंडळी पेढ्यासाठी हजर होतीच. माझे विद्यार्थीही आले होते, कारण आता गॅरेजातल्या त्या केबललाही पूजेत मान होता. पोत्यावर पाने, पेचकस, मीटर, केबल ओळीनं मांडले होते. मी बसचं झाकण उघडलेलं बघितलं आणि जागची हलले नाही. आतला एकूण एक प्लग दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधलेला होता. पिशव्या धुतलेल्या, प्रत्येकीला सायकलच्या ट्यूबची रबरी वेटोळी घट्ट आवळलेली. एवढी बारकी बांधणी करायला अण्णांना आदला अख्खा दिवस लागला असणार.

आणि अण्णांनी सगळ्यांसमोर कुंकवाचं ताट माझ्यापुढं धरलं.

"कुंकूवाले, ह्या वर्षी पोरीला अडकवता का?" एक जण ओरडला.

मला राहवेना. "डॉक्टरबाई, गेल्या साली पिनांना कुंकू मी लावलं होतं," मी म्हणाले. "ओलं करून, बोटानं. अण्णा खोटं बोलले. ते कुंकूवाले नाहीत, मी आहे."

डॉक्टरबाई अण्णांकडे बघत राहिल्या. अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी कट्ट्यावाल्यांकडे पाठ फिरवली.

"वरीसभर झाकून ठिवलतं मी," ते चिडून म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, तरी चिडूनच. "एका झटक्यात उधळलंस. झालं का समाधान?"

मी रडतच मान हलवली.

"मंग लाव आता," अण्णा म्हणाले, आणि ताटातला पाण्याचा गडवा त्यांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवला. "कोरडं लाव."