धाडच्या बाजारातले चाचे

कचरू बुलढाण्याच्या एका वाचनालयात शिपाई होता. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याच्या लेखी मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर. पण एकोणीसशे सहासष्ट साली फाटक्या पुस्तकांना डिंक लावताना त्याच्या हाती एक जुनी हकीगत लागली. तीनशे वर्षांपूर्वी चाच्यांनी जहाज लुटलं, अंतोन नावाच्या खलाशाला धरलं आणि परमुलखात गुलाम म्हणून विकलं, त्याची. डिंक वाळेपर्यंत चाळू म्हणून कचरूनं ती उघडली, आणि दुपारची भाकर विसरला. शेवटची पानं मात्र वाळवीनं खाल्ली होती.

वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशीच जवळच्या धाड गावचा आठवडी बाजार भरे. तिथं बायको चांगुणा मिरच्या विकायची. तिच्या शेजारी बसून कचरू ती हकीगत सांगू लागला. अंतोनचा आंतू झाला. जहाज कोणीच पाहिलं नव्हतं, म्हणून कचरूनं ते आधी एका एस.टी.एवढं केलं, मग चार एस.ट्यांएवढं. गुलामाच्या मालकावर पुस्तकात दोनच ओळी होत्या. तिथं त्यानं हात मोकळा सोडला. मालक खाकरून बोलायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि आंतू घोटभर पाणी प्यायला थांबला तरी विचारायचा, "काय बे, थकला काय?"

बाजार खो खो हसला, कारण ही सगळी लकब धाडच्या हिंमतराव पाटलांची होती. वर्षाच्या बोलीवर त्यांच्याकडे राबणारा सालगडी सहदेव खाली मान घालून हसला.

पुढच्या बाजाराला हिंमतराव स्वतःच आले.

"काय बे कचरू, तुह्या गोष्टीतला मालक माह्यासारखा खाकरते म्हने?"

चांगुणाच्या हातातला तराजू थांबला.

"समुद्राचा वारा खारा असते, पाटील," कचरू म्हणाला. "तिथं सगळ्याइचाच घसा बसते."

"मंग सांग पुढचं. मी बसतो."

पुढचं तर वाळवीच्या पोटात. कचरू आठवल्यासारखं करू लागला. तेवढ्यात चांगुणा पुटपुटली, "मिरची द्या आंतूच्या हाती."

मग आंतूनं मालकाच्या कालवणात मूठभर तिखट टाकलं. मालक बोंबलत विहिरीकडे धावला आणि आंतू बंदराकडे.

"अन् मालक?" हिंमतरावांनी विचारलं.

"त्याचं काय होते? आता सोताचं पानी सोताच भरते."

हिंमतराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. न हसणं म्हणजे तो मालक आपणच, हे कबूल करणं होतं.

पाडव्याला सहदेवचं साल संपलं. हिंमतरावांनी पुढच्या सालाचं विचारलं, तर तो म्हणाला, "नाही पाटील, आता नाही राहत." आणि बुलढाण्याला लाकडाच्या वखारीत कामाला लागला.

हिंमतराव तडक बाजारात आले. "तुह्या आंतूनं माहा गडी नेला बे."

"तो कायले नेईन? तो तर कधीचाच जहाजात बसला," कचरू साळसूदपणे म्हणाला.

आतून त्याला गुदगुल्या झाल्या, आणि थोडी धास्तीही वाटली. पुढे वर्षभर त्यानं बाजारात फक्त भुतांच्या गोष्टी सांगितल्या. त्यामुळे मिरच्यांचं गिऱ्हाईक कमी झालं, असं चांगुणाचं म्हणणं होतं.