हळदीचा डबा आणि पित्ताची नळी

बाबांचे डोळे पिवळे झाले तेव्हा आमच्या सुकापुरात निदानाला पाच मिनिटं पुरली. कावीळ! शेजारी, दूधवाला, समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन, सगळ्यांचं एकमत. चुलत्यानं शेत विकून एसी गाडी घेतलेली होतीच. तिच्यात बाबांना बसवून सगळे जासईच्या पुढं एका कावीळवाल्याकडं गेले.

त्यानं बाबांच्या डोक्यावर काड्यांची माळ चढवली. माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणे. वर सहा महिन्यांचं पथ्य: तेल नाही, हळद नाही, मासळी तर नाहीच नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, ही माळ विजेच्या खांबाला घातली तरी लांबेल, हे मी घरात फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं समजावून सांगितलं.

"खांबाला कावील होते काय?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी विधवा बहीण. आमच्या घरी स्वयंपाकघर तिचं आणि शेवटचा शब्दही तिचाच.

माळ छातीपर्यंत आली, बाबा मात्र आणखी पिवळे झाले. खाज इतकी की भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासत उभे राहायचे. मग एकदाचं पनवेलचं हॉस्पिटल आठवलं. स्वादुपिंडात गाठ होती, कॅन्सरची, आणि तिनं पित्ताची नळी दाबून टाकली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. तोंडावाटे दुर्बीण घालून आत एक बोटभर नळी बसवायची, स्टेंट.

"आजार जाणार नाही. पण पित्ताला वाट मिळेल, खाज थांबेल, भूक लागेल," ते म्हणाले. "उरलेल्या दिवसांत त्यांना आवडेल ते थोडं थोडं खाऊ द्या. सहा महिनेसुद्धा मिळतील असं मी सांगू शकत नाही."

बाबांना काही सांगायचं नाही, आत्यालाही नाही, असं मी आणि चुलत्यानं ठरवलं. पित्ताच्या नळीत खडा होता, काढला, आता चिंता नको. ही थाप मारायचं काम अर्थातच विज्ञानाच्या शिक्षकाकडं आलं. मी डॉक्टरांचंच चित्र पुन्हा काढलं आणि गाठीच्या जागी छान गोल खडा काढला.

स्टेंट बसला. पंधरा-वीस दिवसांत डोळे निवळले, खाज गेली, बाबा रात्रभर झोपू लागले. स्टेंट म्हटल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण आपापल्या सासऱ्याच्या हार्टमधले स्टेंट मोजून दाखवायचा. आत्यानं नारळ फोडला तो कावीळवाल्याच्या दारात. आणि हळदीचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

बाबांना भूक लागायला लागली, आणि ताटात काय, तर उकडलेला दुधी. जन्म खाडीकाठी गेलेला माणूस तो, चिखलात सापडणाऱ्या निवट्या माशांचं कालवण म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण ते मुकाट दुधी गिळायचे आणि कॅलेंडरवर रेघ मारायचे. "अजून चार महिने," मला सांगायचे. "मग निवट्या."

मी आत्याला मनातल्या मनात लाखोली वाहायचो. पण खरा अडसर तिची किल्ली नव्हती. पथ्य सोडा म्हणायचं तर का सोडा ते सांगावं लागणार, आणि मग तो गोल खडा पुसावा लागणार. माझी हिंमत होत नव्हती. मी भित्रा होतो, बस्स.

मग एक दिवस बाबांनी दुधी अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशीही. मी घाबरलो. भूक गेली की सगळंच गेलं. त्या रविवारी आत्या विचुंब्याला कुणाच्या तरी हळदीला गेली होती. मी मार्केटातून निवट्या आणल्या, दुकानातून हळदीची पुडी आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा कालवण केलं.

ताट बघून बाबा म्हणाले, "आनि पथ्य?"

"डॉक्टर बोलले, खाल्लं तरी चालतं."

"कवा बोलले?"

"तेव्हाच."

त्यांनी कॅलेंडरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मंजे सहा महिने भरायचे नाय."

मी त्यांच्या ताटात आणखी थोडं कालवण वाढलं. बाबांनी भात कालवला, घास घेतला. "मीठ कमी हाय," म्हणाले आणि खात राहिले.

तेवढ्यात आत्या आली, हळदीच्या घरून, कपाळाला गालाला हळद लागलेली. बाबांची पिवळी बोटं तिनं पाहिली. आता माझी धडगत नाही असं मला वाटलं.

"बाय, बस," बाबा म्हणाले. "आता पथ्य नाय."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. तिनं कमरेची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली, तशीच नव्या लुगड्यात खाली बसली आणि भावाच्या ताटातल्या निवट्यांचे काटे काढू लागली.